उघड संवादातून सामाईक गुपित : एका सिद्धान्ताची चिकित्सा

प्रस्तावना

गुप्ततेचा प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाला नवा नाही. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे ब्रिटिश सत्तेच्या समाप्तीची मागणी करणारा ठराव उघडपणे केला. सेवाग्रामनिवासी गांधीजींना गुप्त कार्यपद्धती मान्य नव्हती. १९४४ मध्ये सुटकेनंतर त्यांनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. उलट, मुंबईत उषा मेहता व सहकाऱ्यांच्या काँग्रेस रेडिओला १९४२ मध्ये वारंवार जागा बदलावी लागली. सर्वांदेखत बोलूनही गटाला गुपित निर्माण करता येईल काय? या प्रश्नाचे गणिती उत्तर इम्रे चिसार व प्रकाश नारायण यांनी २००४ मध्ये मांडले. त्या उत्तराची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

विवेचन

सिद्धान्ताचा आशय असा : सर्व सदस्यांजवळील एकत्रित माहितीतून, प्रत्येकाला सर्व काही कळावे म्हणून जाहीर करावी लागणारी किमान माहिती वजा केली असता जे उरते, तेवढीच गुप्त किल्ली मिळू शकते.

उदाहरण घेऊ. दोन वेळा पहिल्या सदस्याला अ१, अ२ आणि दुसऱ्याला ब१, ब२ हे स्वैर बिट मिळतात; तिसऱ्याला केवळ त्यांच्या बेरजा क१, क२ (येथे १ + १ = ०). पहिल्याने अ१, दुसऱ्याने ब२ व तिसऱ्याने क१ + क२ जाहीर केले की तिघांनाही चारही मूळ बिट कळतात. चोरून ऐकणाऱ्याला अ१, ब२ आणि अ२ + ब१ एवढेच समजते. अ२ विषयी तो पूर्ण अनभिज्ञ राहतो. चार बिटांतून तीन वजा होऊन एक बिटाची किल्ली उरते. श्रोत्याची गणनशक्ती कितीही असली तरी हे गुपित फुटत नाही. डिफी व हेलमन यांच्या १९७६ च्या पद्धतीची सुरक्षितता मात्र गणनेच्या काठिण्यावर अवलंबून आहे.

तथापि या मांडणीत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. सदस्यांजवळ परस्परसंबद्ध माहिती आधीच असते; श्रोता केवळ ऐकतो, संदेश बदलत नाही; आणि प्रत्येक सदस्य प्रामाणिक असतो. काँग्रेस रेडिओवर नोव्हेंबर १९४२ मध्ये छापा पडला, तो कामाशी संबंधित तंत्रज्ञाने ठिकाण दाखविल्यामुळे, असे सांगितले जाते. अशा फितुरीवर वरील सूत्रात उपाय नाही. २०२३ मध्ये प्रमाणित झालेल्या एमएलएस या गटसंदेश-प्रणालीत सदस्य वगळल्यावर किल्ली बदलण्याची तरतूद आहे. पण कोणाला वगळावे, हे तिथेही माणसांनीच ठरवावयाचे असते.

निष्कर्ष

चिसार-नारायण सिद्धान्त गुपिताचे नेमके मोजमाप देतो, हे त्याचे मोठे यश होय. परंतु विश्वास तो निर्माण करीत नाही, गृहीत धरतो. म्हणून महाविद्यालयीन अध्यापनात हे सूत्र शिकविताना त्याची गृहीतकेही तितक्याच आग्रहाने शिकविली जावीत. अन्यथा गणिती खात्रीलाच विद्यार्थी व्यवहारातील सुरक्षितता समजून बसतील.