नेतृत्वगुणांची यादी आणि खोडदची दुर्बीण : एक चिकित्सा

व्यवस्थापनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत नेतृत्वाचे प्रकरण बहुधा गुणांच्या यादीने सुरू होते : दूरदृष्टी, आत्मविश्वास, निर्णयक्षमता इत्यादी. केवळ गुणांवरून नेता ठरत नाही, परिस्थितीही विचारात घ्यावी लागते, हे स्टॉगडिल यांनी १९४८ मध्येच दाखवून दिले होते. तरीही यादी टिकून आहे. उत्तरपत्रिका तपासण्यास ती सोयीची असते. लेविन, लिपिट व व्हाइट यांच्या हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त या तीन शैलीही तशाच पाठ केल्या जातात. १९३९ चे ते संशोधन दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर झाले होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण या मांडणीची कसोटी पाहते. तिचे शिल्पकार डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या ठायी यादीतील सर्व गुण दाखविता येतील. पण त्यातून दुर्बीण कशी उभी राहिली, हे कळणार नाही. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या उटीच्या दुर्बिणीसाठी त्यांनी स्थळाच्या अक्षांशाइतकाच उतार असलेली टेकडी निवडली. त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरणारी साधी रचना पुरेशी ठरली. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभारताना भरीव पृष्ठभागाऐवजी दोरखंडांच्या आधारे ताणलेली तारेची जाळी वापरली गेली. वाऱ्याचा दाब, वजन आणि खर्च तिन्ही घटले. अपुरा निधी ही सबब न मानता आराखड्याची अट मानणे, हे येथील खरे नेतृत्व होय. ते स्वभावात शोधण्यापेक्षा कामाच्या मांडणीत शोधावे लागते. शैलीचेही तसेच. उद्दिष्टाबाबत स्वरूप ठाम होते, तर अननुभवी तरुणांवर मोठ्या जबाबदाऱ्या सोपविण्यास ते कचरत नसत. त्यांना तीनपैकी कोणत्या रकान्यात बसवावे?

याहून गंभीर उणीव निराळी आहे. या सिद्धान्तांतील ‘अनुयायी’ म्हणजे हाताखालील कर्मचारी. परंतु दुर्बिणीला परिसरात रेडिओ-शांतता लागते. म्हणून भोवतालच्या उद्योगांवर निर्बंध येतात. चाकण, मंचर, नारायणगाव अशा आखणीचा पुणे-नाशिक रेल्वेमार्गही याच कारणाने अडला. जुन्नर-आंबेगावातील नोकरी शोधणारा तरुण त्या संस्थेच्या हजेरीपटावर कधीच नव्हता, तरी तिच्या कामाची किंमत त्यालाही मोजावी लागते. त्याच्याशी असलेल्या नात्याला या शैलींत नावच नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनास परिसरातील विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात, हे स्वागतार्हच आहे. पण प्रदर्शन पाहणे आणि निर्णयात विचारले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.