आठाच्या आतला हुकूम

नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायच्या असं ठरलं, की पहिला वाद नियम कोणते घ्यायचे यावर होतो. शिपाई कुठलेही चालतात, २८ मिलिमीटरचे घ्या नाहीतर ६ मिलिमीटरचे. नवखा खेळाडू नियमांचं पुस्तक हातात आलं की आधी गोळीबाराचं कोष्टक उघडतो. मस्केटचा पल्ला किती, तोफेचा किती, फ्रेंच गार्डला फाशावर काय जास्तीचं मिळतं, हे बघतो आणि मत बनवून मोकळा होतो. माझं म्हणणं असं, की ते पान शेवटी वाचा. आधी हुकमाचं पान काढा. सेनापतीचा शब्द पलटणीपर्यंत पोचतो का, आणि पोचला तर किती पोचतो, हे पुस्तक ज्या रीतीनं ठरवतं त्यात त्याचा जीव असतो. बाकीची कोष्टकं थोड्याफार फरकानं सगळीकडे सारखीच असतात.

रिक प्रीस्टली आणि जर्विस जॉन्सन यांचं ‘ब्लॅक पावडर’ या दृष्टीनं वाचण्यासारखं आहे. वॉरलॉर्ड गेम्सनं ते २००९ साली काढलं. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पानोपानी रंगवलेल्या पलटणींचे फोटो. चाळलं तर दिवाणखान्यात ठेवायचं शोभेचं पुस्तक वाटेल. पण हुकमाचा नियम वाचायला घेतला की लेखकांची हुशारी कळते.

नियम असा. आपली पाळी आली की ब्रिगेडला काय करायला सांगायचं ते आधी मोठ्यानं बोलायचं. मनात ठेवायचं नाही, बोटानं दाखवायचं नाही, बोलायचं. ‘ही ब्रिगेड कुंपणापर्यंत जाईल आणि तिथं रांगेत उभी राहील.’ मग दोन फासे टाकायचे. प्रत्येक सेनापतीला एक अंक दिलेला असतो, साधारण बऱ्या माणसाला आठ. फाशांची बेरीज नऊ किंवा जास्त आली तर ब्रिगेड जागची हलत नाही. आठ किंवा सात आले तर एक चाल, सहा आले तर दोन, पाच किंवा कमी आले तर तीन. पायदळाची एक चाल बारा इंचांची, म्हणजे तीन चालींत छत्तीस इंच.

आता ‘आधी बोलायचं’ या अटीकडे बघा. ती नसती तर खेळाडूनं फासे टाकले असते, तीन चाली मिळालेल्या बघितल्या असत्या, आणि मग आपला बेत त्या मापानं शिवला असता. बोलून बसल्यावर ती सोय उरत नाही. कुंपणापर्यंत म्हणालात ना? मग तीन चाली मिळाल्या तरी कुंपणाशीच थांबा, पलीकडची टेकडी कितीही मोकळी दिसो. उलट ‘टेकडी घ्या’ म्हणालात आणि एकच चाल मिळाली, तर पलटण उघड्या शेतात, तोफांच्या तोंडासमोर उभी. हुकूम देणाऱ्याला पुढचं दिसत नसतं, ही लढाईतली खरी अडचण या एका अटीनं टेबलावर आणली आहे. त्यासाठी ना वेगळं कोष्टक लागलं, ना पाच पानांचं स्पष्टीकरण.

दोन फाशांच्या छत्तीस जोड्या. आठ अंकाच्या सेनापतीचा हुकूम त्यातल्या दहा जोड्यांमध्ये फसतो, आणि तीन चाली मिळतात त्याही दहा जोड्यांमध्येच. घोर निराशा आणि घवघवीत यश यांचं माप लेखकांनी अगदी सारखं ठेवलं आहे. शिवाय हुकूम एकदा फसला की त्या सेनापतीचं तोंड त्या पाळीपुरतं बंद. त्यामुळे कोणाला आधी सांगायचं हाच मोठा पेच होऊन बसतो. निकडीचं काम आधी काढावं तर फसल्यावर बाकी सगळे खोळंबतात, किरकोळ काम आधी उरकावं तर त्याच्यावरच फासे उलटतात. सरकारी कचेरीत खालपासून वरपर्यंत फाईल हलवलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

गंमत म्हणजे या नियमाचं मूळ नेपोलियनमध्ये नाहीच. प्रीस्टली यांनी तो आधी ‘वॉरमास्टर’ या राक्षसांच्या आणि बुटक्यांच्या काल्पनिक युद्धखेळात वापरला होता.

आणि दोन सहा पडले तर? तर घोळ. आणखी एक फासा टाकायचा, आणि तो सांगेल तसं ब्रिगेड वागते. मागे सरते, डावीकडे किंवा उजवीकडे भरकटते, नाहीतर कोणी न सांगता शत्रूवर तुटून पडते. अनेक गंभीर खेळाडूंना हा भाग पोरकट वाटतो. मला वाटत नाही, आणि त्याचं कारण जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे.

२३ सप्टेंबर १८०३. असईच्या रणात पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा आर्थर वेल्स्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. शिंद्यांच्या कवायती पलटणी युरोपीय पद्धतीनं तयार झालेल्या, नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे, आणि तोफखाना उत्तम. वेल्स्लीनं उजव्या बाजूच्या तुकडीचा अधिकारी ऑरॉक याला असई गावापासून दूर राहायला बजावलं होतं. ऑरॉक उजवीकडे सरकत थेट गावासमोरच्या तोफांवर गेला, त्याच्यामागे ७४ वी हायलँडर पलटणही गेली, आणि दोन्ही तुकड्यांची वाताहत झाली. हुकूम स्पष्ट होता, ऐकणारा अनुभवी होता, तरी हे झालं. दोन सहा म्हणजे दुसरं काय? त्याच लढाईत शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. एवढं मात्र कुठलंही कोष्टक आपणहून देणार नाही. ते खेळाडूंनीच ठरवून आत घ्यावं लागेल, आणि ‘ब्लॅक पावडर’चे लेखक तशी मोडतोड करायला मोकळेपणानं सांगतात.

सॅम मुस्तफा यांचा ‘ब्लूखर’ (२०१५) हाच प्रश्न दुसऱ्या टोकानं सोडवतो. इथं तुम्ही संपूर्ण सैन्याचे सरदार. एक तुकडा म्हणजे एक ब्रिगेड. बटालियननं रांग धरली की चौकोन केला, ही तुमची चिंताच नाही, ते बघायला खालचे अधिकारी आहेत. तुमच्या पाळीला प्रतिस्पर्धी फासे टाकतो आणि झाकून ठेवतो. तुम्ही एकेक तुकडी हलवत जाता, तो मनात हिशेब करत जातो, आणि झाकलेला आकडा संपला की म्हणतो, ‘बस, संपलं.’ आपल्या हातात किती बळ आहे हे आपल्या शत्रूला ठाऊक आणि आपल्याला नाही! १६ जून १८१५ ला नेपोलियनचा सेनापती देर्लों याची वीस हजारांची कोर कात्र ब्रा आणि लिन्यी या दोन लढायांमध्ये दिवसभर ये-जा करत राहिली आणि कुठल्याच लढाईत धड उतरली नाही. त्या संध्याकाळी नेपोलियनला काय वाटलं असेल ते या झाकलेल्या फाशांमुळे थोडंफार कळतं.

दोन्ही पुस्तकं एकामागून एक वाचली की मला एक वाटतं. ‘ब्लॅक पावडर’ वेल्स्लीसारख्या माणसासाठी आहे, जो वॉटर्लूला दिवसभर घोड्यावरून इकडून तिकडे फिरत एकेका ब्रिगेडला स्वतः सांगत होता. ‘ब्लूखर’ नेपोलियनसाठी आहे, ज्यानं त्या दिवशी समोरचा हल्ला बराचसा मार्शल ने याच्या हाती सोपवला होता. मधला प्रकार हवा म्हणणारे बहुतेक जण दोन्हींचा कंटाळवाणा भाग घेतात.

या सगळ्याची आजी म्हणजे प्रशियाचा ‘क्रीग्सश्पील’, धाकट्या राइस्वित्झनं १८२४ साली छापलेला. त्यात १:८००० चा नकाशा, दोन मिनिटांची एक पाळी, आणि खेळाडूंचे लेखी हुकूम वाचून निकाल देणारा पंच. तिथं हुकूम फाशाच्या नाही, माणसाच्या हातात असे. चांगला पंच मिळाला तर आजही त्याला तोड नाही. मिळत नाही, हीच अडचण.

‘ब्लॅक पावडर’चे दोष लपवायचं कारण नाही. अर्धं सैन्य तासभर झोपतं आणि मग एकदम छत्तीस इंच धावतं, हे डोळ्याला खुपतं. ऑस्ट्रियन आणि फ्रेंच पलटणी खास शेरे लावल्याशिवाय फारशा वेगळ्या वाटत नाहीत. आणि पुस्तक मोठ्या टेबलांच्या हिशेबानं लिहिलंय. आपल्याकडच्या चार फुटी टेबलावर तीन चालींची ब्रिगेड पलीकडच्या कडेला जाऊन टेकते. तरीही पहिलं पुस्तक घेणार असाल तर हेच घ्या, सगळी अंतरं निम्मी करा, आणि शिपाई रंगवून होईपर्यंत थांबू नका. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांच्यावर पलटणींची नावं लिहा, दोन फासे घ्या आणि हुकूम मोठ्यानं बोला.