रॉयल सुवर्णपदक
रॉयल सुवर्णपदक : वास्तुकलेतील एक प्रतिष्ठित ब्रिटिश सन्मान. लंडन येथील ‘रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स’ (स्थापना १८३४) या संस्थेतर्फे, ब्रिटिश राजपदाच्या संमतीने हे पदक दिले जाते. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत १८४८ साली त्याचा प्रारंभ झाला, सी. आर. कॉकरेल हे त्याचे पहिले मानकरी. एखाद्या वास्तूपेक्षा वास्तुशिल्पज्ञाची समग्र कामगिरी त्यासाठी प्रामुख्याने विचारात घेतली जाते. फ्रँक लॉइड राइट (१९४१), ल कॉर्ब्यूझ्ये (१९५३), वॉल्टर ग्रोपिअस (१९५६), आल्व्हार आल्टो (१९५७), मीएस व्हान डेर रोअ (१९५९) हे आधुनिक वास्तुकलेचे अध्वर्यू त्याचे मानकरी होत. १९८४ साली ते भारतीय वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांना देण्यात आले.

हा प्रदानप्रसंग मात्र वेगळ्याच कारणाने गाजला. संस्थेच्या दीडशेव्या वर्धापनानिमित्त ३० मे १९८४ रोजी हँप्टन कोर्ट राजवाड्यात झालेल्या समारंभात तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी समकालीन वास्तुकलेवर कठोर टीका केली. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या नियोजित विस्तारास त्यांनी जिवलगाच्या चेहऱ्यावरील गळवाची उपमा दिली. मॅन्शन हाउसजवळ मीएस यांच्या आराखड्यानुसार उभारावयाच्या मनोऱ्यावरही त्यांनी टीका केली. पंचवीस वर्षांपूर्वी याच पदकाने गौरविलेल्या वास्तुशिल्पज्ञाची कृती अशा रीतीने त्याच पदकाच्या समारंभात टीकेचे लक्ष्य ठरली. हे दोन्ही प्रकल्प पुढे बारगळले. वास्तुशिल्पज्ञांनी सामान्य माणसाच्या गरजा व मते यांची उपेक्षा केली, हा या टीकेचा मुख्य आशय होता. तो सर्वस्वी अनाठायी नव्हता. तथापि सत्कारमूर्तीच्या कार्यास तो लागू पडत नाही, याकडे त्यानंतरच्या वादात फारसे लक्ष दिले गेले नाही.

कोरिया यांनी आधुनिक वास्तुकलेची शिस्त स्वीकारली. परंतु तिला हवामान व राहणी यांच्या कसोटीस लावले. अहमदाबाद येथील गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) हे लहान, समान घटकांचे बनले असून त्यात विटांचे खांब, कौलारू छपरे, काचेऐवजी लाकडी झडपा आणि मोकळे चौक यांची साधी गुंफण आढळते. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचे ऊन व पावसाचा माराही त्याच दिशेने येतो. जुन्या बंगल्यांत घराभोवतीच्या व्हरांड्याने ही अडचण दूर केली होती. तेच तत्त्व कोरिया यांनी कांचनजंगा (१९८३) या अठ्ठावीस मजली इमारतीत दुप्पट उंचीच्या, कोपऱ्यातील बगीचावजा सज्जांच्या रूपाने योजिले. ही सोय अर्थातच मोजक्या धनिकांच्या वाट्यास आली.

याउलट नवी मुंबईतील बेलापूर वसाहत (१९८३–८६) विविध उत्पन्नगटांसाठी होती. तीत लहान अंगणांभोवती घरांचे समूह रचलेले असून, शेजाऱ्यास अडचण न होता प्रत्येकास आपले घर वाढविता यावे म्हणून घरांच्या भिंती सामाईक ठेवलेल्या नाहीत. पुढे अनेक रहिवाशांनी मूळ घरे पाडून तेथे मोठी काँक्रीटची घरे बांधली. त्यामुळे वसाहतीचे मूळ दृश्यरूप बरेचसे लोपले. परंतु अंगणांची मांडणी टिकून राहिली. घराचा आकार ठरविण्याचा रहिवाशाचा अधिकार मान्य केल्यावर त्याच्या आवडीनिवडीही मान्य कराव्या लागतात. म्हणून या बदलांस वास्तुकल्पाचे अपयश म्हणणे योग्य ठरत नाही. १९८४ च्या भाषणात ज्या लोकाभिमुखतेची अपेक्षा व्यक्त झाली, ती बेलापूरच्या आराखड्यात त्याच सुमारास मूर्त रूप घेत होती.

२०२२ सालचे पदक बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांना मिळाले. इंदूर येथील अरण्य वसाहतीत जोते, पाण्याची सोय व स्वच्छतागृह एवढेच पुरवून उर्वरित घर पूर्ण करण्याचे काम त्यांनी बव्हंशी रहिवाशांवर सोपविले होते. सामान्यतः एका व्यक्तीच्या नावे दिल्या जाणाऱ्या या पदकाने अशा प्रकारे, अनेकांच्या हातून पूर्ण होणाऱ्या वास्तुकलेचाही गौरव केला आहे.