उसनवारीचा आरोप

मराठी दलित वाङ्मयावर वारंवार घेण्यात येणारा एक आक्षेप असा की, ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाची नक्कल होय. पुरावा म्हणून ‘दलित पँथर’ या नावाकडे बोट दाखविले जाते. नाव उसने आहे यात वाद नाही. ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी १९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंड येथे ‘ब्लॅक पँथर’ पक्ष स्थापिला आणि १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार प्रभृतींनी मुंबईत ते नाव आपलेसे केले. परंतु केवळ नावावरून वाङ्मयाचे कूळ ठरविणे ही टीका नव्हे. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा, म्हणजे ओकलंडच्या पक्षाहून तीन वर्षांनी वडील. आम्ही इंग्रजीचे अध्यापक. हाच आक्षेप आम्हीही कित्येक वर्षे वर्गात मोठ्या विद्वत्तेने मांडीत आलो, हे कबूल करणे प्राप्त आहे.

साम्य आहे, पण ते निराळ्या ठिकाणी. अमेरिकेत त्या दशकात जय आणि घात जणू हातात हात घालूनच आले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराच्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. ११ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली व तीत ३४ माणसे मेली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेदास बंदी करणाऱ्या कायद्यावर सही झाली ती ११ एप्रिलला. त्या वर्षांतील अमिरी बराका यांची कविता याचना करीत नाही, ती याचमुळे. कायदा मागणाऱ्याचा आवाज वेगळा, आणि कायदा हाती येऊनही दार बंदच पाहणाऱ्याचा वेगळा.

आमच्याकडे काय झाले? १९५० च्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली, आणि दोन महिने पुरे होण्याच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. त्यानंतर जी पिढी लिहू लागली तिच्या हाती घटना होती आणि गावचा पाणवठा मात्र बंद होता. १९७२ साली, स्वातंत्र्यास पंचवीस वर्षे होत असता, ‘गोलपिठा’ निघाला. त्यातील संतापास जे कृतघ्नता म्हणतात, त्यांनी हा कालक्रम ध्यानात घेतलेला दिसत नाही. सारख्या रोगाची लक्षणे सारखी असली म्हणून एका रोग्याने दुसऱ्याची नक्कल केली असे कोणी म्हणत नाही!

‘गोलपिठ्या’ची भाषा तर कोणत्याही अमेरिकन पुस्तकातून येणे शक्यच नव्हते. ती कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतून आली. प्रस्तावनाकार विजय तेंडुलकर यांच्यासारख्या मुंबईकर नाटककारालाही तिच्यातील शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. शिवराळपणाचा बाऊ आम्ही करीत नाही. या कवितेत शिवी ही अलंकार म्हणून येत नसून वस्तूचे नाव म्हणून येते. दोष आहे तो अनुकरणाचा, पण तो मागाहूनचा. ढसाळांच्या पुढे आलेल्या कित्येक कवींनी शिवी घेतली आणि गल्ली सोडली. १९७४ साली पँथरमध्ये फूट पडली, तेव्हा घोषणेचा जोर ओसरला, तरी घोषणेची कविता मात्र पुष्कळ काळ चालू राहिली. अशा संग्रहांची समीक्षा आमच्या मासिकांनी दयाबुद्धीने केली. तो त्या कवींचा अपमानच होय.

‘गोलपिठ्या’ची आमची प्रत आम्ही एकदा एका विद्यार्थ्यास वाचावयास दिली होती. तो कळमन्याचा, वडील तेथील धान्यबाजारात हमाली करीत. समासात आम्ही कठीण शब्दांचे अर्थ पेन्सिलीने लिहून ठेविले होते. प्रत परत आली तेव्हा त्यांतील दोन अर्थ खोडलेले होते, आणि शेजारी शाईने, सुवाच्य अक्षरात, बरोबर अर्थ लिहिलेले होते.