तेरा पाने आणि दोनदा आलेला एक

अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ‘त्रेझ’ नावाचा पत्त्यांचा जुगार खेळला जाई. पाने पिसायची, एकेक उलटायचे आणि प्रत्येकाबरोबर क्रमाने पुकारा करायचा: एक्का, दुर्री, तिर्री, थेट राजापर्यंत. जे पुकारले तेच पान उलटले, तर जुळणी झाली. प्येर रेमाँ द मोंमोर या गणितज्ञाने १७०८ साली जुगारांच्या गणितावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने हा खेळ एकाच प्रकारच्या तेरा पानांवर आणला. इस्पिकची तेरा पाने समजू. निदान एक जुळणी होण्याची संभाव्यता किती, हा त्याचा प्रश्न. उत्तर येते १०,९३,३९,६६३ भागिले १७,२९,७२,८००. पुढे निकोलस बर्नुली आणि ऑयलर यांनीही या प्रश्नाला हात घातला. संभाव्यताशास्त्रात तो आजही मानाने मिरवतो.

या काटेरी अपूर्णांकाशेजारीच दोन नितळ संख्या उभ्या आहेत. जुळण्या सरासरी किती होतील? एक. आणि त्या सरासरीभोवती किती पसरतील, म्हणजे त्यांचे प्रचरण किती? तेही एक. पाने तेरा असोत, तीन असोत वा तेराशे, दोन्ही उत्तरे तसूभर हलत नाहीत. हे दोन ‘एक’ एकसारखे दिसतात, पण एकाच वाटेने आलेले नाहीत. खरी गोडी त्या वाटांत आहे.

पहिली वाट अपेक्षित मूल्याची, म्हणजेच सरासरीची. सरळसोट हिशोब करायचा तर तेरा पानांच्या ६,२२,७०,२०,८०० मांडण्या होतात. त्यांपैकी शून्य जुळण्यांच्या किती, एक जुळणीच्या किती, असे मोजत बसावे लागेल. जाणकार तसे करत नाही. तो जुळण्यांची संख्या तेरा छोट्या चलांत फोडतो. सत्ती सातव्या जागी पडली तर सातव्या चलाचे मूल्य १, नाही तर ०. सातव्या जागी कोणतेही पान येण्याची शक्यता सारखीच, म्हणून या चलाचे अपेक्षित मूल्य १/१३. अशा तेरा चलांची बेरीज १. संपले! आता यातली नजरेतून सहज निसटणारी जागा पाहा. हे तेरा चल एकमेकांपासून मुळीच स्वतंत्र नाहीत. पहिली बारा पाने आपापल्या जागी बसली, तर तेराव्याला दुसरीकडे जायला वावच उरत नाही. तरीही बेरजेने त्यांच्या आपसातल्या नात्याची चौकशी केली नाही. बेरजेची सरासरी म्हणजे सरासऱ्यांची बेरीज, हा नियम चलांमध्ये कितीही गुंतागुंत असली तरी खरा असतो. इतक्या साध्या विधानात एवढे बळ असावे, याचा आनंद मला दर वेळी नव्याने होतो.

हा ‘एक’ किती भिन्न रूपांतून उभा राहतो ते लहान उदाहरणांत उघड दिसते. तीन पानांच्या सहा मांडण्या: दोहोंत एकही जुळणी नाही, तिहींत एक, आणि एकीत तिन्ही. चार पानांच्या चोवीस: नऊ मांडण्यांत शून्य, आठांत एक, सहांत दोन, एकीत चार. तीन जुळण्यांची मांडणी एकही नाही, कारण तीन पाने जागेवर बसली की चौथे आपोआप बसतेच. सर्वांच्या खालोखालची ही पायरी प्रत्येक वेळी रिकामी राहते. दोन पानांवर तर गंमत आणखी वाढते. तिथे जुळण्या एक तर शून्य, नाही तर दोन; म्हणजे सरासरी जी ‘एक’ येते, ती स्वतः कधीच घडत नाही. आणि प्रत्येक निकाल तिच्यापासून नेमका एक घर दूर, त्यामुळे प्रचरण एक आहे हे हिशोबाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दिसते.

प्रचरण म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. वर्ग आला की चल एकमेकांना गुणू लागतात, आणि बेरजेने जी चौकशी टाळली होती ती आता टाळता येत नाही. आधी एकेकट्या पानाचा वाटा घेऊ: १/१३ गुणिले १२/१३. अशी तेरा पाने, म्हणून एकूण १२/१३. पाने परस्परांपासून स्वतंत्र असती, म्हणजे प्रत्येक पान पाहून झाल्यावर गड्डीत परत घालून पुन्हा पिसले असते, तर हिशोब इथेच थांबला असता. एकाला १/१३ कमी. ती तूट जोड्या भरून काढतात. एक्का आपल्या जागी पडला असे कळले, की दुर्रीसाठी तेराऐवजी बाराच जागा उरतात आणि तिची शक्यता १/१३ वरून १/१२ वर चढते. म्हणून दोन्ही एकदम जुळण्याची संभाव्यता १/१५६. स्वतंत्र असती तर ती १/१६९ झाली असती. फरक फक्त १/२०२८. सहप्रचरण म्हणतात ते हेच. हा कण कुणीही क्षुल्लक म्हणून सोडून दिला असता. पण जोड्या अठ्ठ्याहत्तर, प्रत्येक जोडी वर्गात दोनदा येते, म्हणून तो १५६ वेळा मिळवायचा. बेरीज नेमकी १/१३. बारा तेरांश अधिक एक तेरांश! गणितात तूट आणि भर अशा एकमेकींत चपखल बसताना पाहण्यासारखे सुख थोडेच असते.

पहिला ‘एक’ नात्यांकडे न पाहता मिळाला, हा दुसरा मात्र नात्यांशिवाय पूर्णच होत नाही. आणि नात्याचा वाटा पानांच्या संख्येनुसार बदलतो. दोन पानांत एकेकट्याचा वाटा अर्धा आणि जोडीचा अर्धा. तेरांत जोड्यांचा एक तेरांश. शंभरांत एक शतांश. एकूण तेवढेच राहते, आतली वाटणी मात्र सरकत जाते. उत्तर स्थिर आहे म्हणून आत हालचाल नाही असे कोणी समजू नये.

सरासरी आणि प्रचरण सारखे असणे ही दुर्मिळ घटनांच्या मोजणीत भेटणाऱ्या प्वासाँच्या वितरणाची ओळखीची खूण. तेरा पानांवरच आपण त्याच्या इतके जवळ पोचलेलो असतो की शून्य जुळण्यांची संभाव्यता सुमारे ३६.७९ टक्के, एका जुळणीची तितकीच, आणि दोनांची १८.३९ टक्के. शंभरांपैकी जवळजवळ ब्याण्णव डाव सरासरीपासून एका घराच्या आत संपतात.

आता मोंमोरने सोपा करण्यापूर्वीचा खेळ घ्या: पूर्ण बावन्न पानांची गड्डी, तिच्यातली पहिली तेरा पाने उलटायची आणि इस्पिक, बदाम असा भेद न करता फक्त एक्का ते राजा एवढेच जुळवायचे. प्रत्येक पुकाऱ्याला बावन्नांत चार पाने अनुकूल, म्हणजे पुन्हा १/१३, आणि सरासरी पुन्हा एक. तिला चार प्रकारांची दखलही नाही. प्रचरणाला आहे. एक्का जुळल्यावर दुर्रीची शक्यता ४/५२ वरून ४/५१ वर जाते, १/१२ एवढी उडी ती घेत नाही. नाते सैल झाले, आणि प्रचरण एकवरून १६/१७ वर उतरले. गड्डीत दोनच प्रकार ठेवले तर ते २४/२५ येते, तीन ठेवले तर १८/१९, दोन पूर्ण गड्ड्या एकत्र पिसल्या तर ९६/१०३. या बेढब अपूर्णांकांमागे एकच सूत्र आहे: प्रत्येक पुकाऱ्याची जितकी पाने गड्डीत असतील त्यांची बारा पट, भागिले तेरा पटीतून एक वजा. पाने वाढवत नेली की हा ‘एक वजा’ नगण्य होतो आणि प्रचरण १२/१३ कडे, म्हणजे पूर्ण स्वतंत्र पानांच्या प्रचरणाकडे, सरकत जाते.