कॅनडांतील सौम्य शिक्षा व हुजूरपक्षी टीकाकार

अपराध्यास किती शिक्षा व्हावी हा प्रश्न कायदेपंडितांचा समजला जातो. परंतु ज्या देशांत मतदार व वृत्तपत्रें जागीं आहेत तेथें तो लवकरच वाङ्मयाचाहि प्रश्न होऊन बसतो. कॅनडांत तसें झालें आहे. गेल्या तीन-चार दशकांत तेथील हुजूरपक्षी लेखकांनीं गुन्हेगार, न्यायाधीश व वृत्तपत्रें या तिहींविषयीं इतकें लिहिलें आहे कीं त्यांचा एक स्वतंत्र संप्रदायच मानावा लागतो. न्यायाधीश दयेच्या भरांत अपराध्यास मोकळें करतात, आणि सरकारी अनुदानावर चालणारी सीबीसी ही नभोवाणी-संस्था व उदारमतवादी पत्रें ती गोष्ट झांकून ठेवतात, हें या संप्रदायाचें सूत्र. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे लेकीसुना-जांवई आज टोरोंटो, ब्रॅम्प्टन, व्हँकूव्हर येथें संसार थाटून आहेत. तेव्हां हा वाद परक्यांचा म्हणून दूर ठेवण्यासारखा आतां राहिलेला नाहीं.

संप्रदायांत गोंगाट करणारेच फार. परंतु कोणत्याहि पंथाची परीक्षा त्यांतल्या उत्तम लेखकावरून करावी. येथें तो मान आम्ही क्रिस्टी ब्लॅचफोर्ड यांस देतों. टोरोंटोच्या चारहि मोठ्या दैनिकांत लेखन करून २०२० सालीं त्या वारल्या. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ सेन्टेन्स’ या पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकांतच त्यांनीं कबूल केलें आहे कीं चार दशकांच्या कोर्टांतील बातमीदारीनंतर न्यायसंस्थेवरचें, विशेषतः न्यायाधीशांवरचें, आपलें प्रेम उडालें. हा राग आम्हांस खरा वाटतो. कायद्याच्या भाषेंत मेलेला माणूस लवकरच पुराव्याचा एक क्रमांक होऊन बसतो. या लेखकांनीं त्याला पुन्हां नांव, घर व आईबाप दिले. हें ऋण नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल.

या सर्व संतापाचा उगम पाहूं गेल्यास तो कार्ला होमोल्का हिच्या खटल्यापाशीं सांपडतो. पति पॉल बर्नार्डो याच्याबरोबर कोवळ्या मुलींच्या हत्येंत ती भागीदार होती. १९९३ सालीं सरकारनें तिच्याशीं करार केला: तिनें पतीविरुद्ध साक्ष द्यावी व सदोष मनुष्यवधाबद्दल बारा वर्षांची कैद भोगावी. पोलिसांनीं कित्येक आठवडे घर धुंडाळूनहि ज्या चित्रफिती सांपडल्या नव्हत्या त्या पुढें हातीं आल्या, आणि तिचा वांटा तिनें सांगितल्याहून मोठा होता असें दिसलें. परंतु करार तोंवर होऊन चुकला होता. त्यांतच तिच्या खटल्याचा तपशील छापण्यास न्यायालयाची बंदी. लोक सीमा ओलांडून अमेरिकन वृत्तपत्रें आणूं लागले. शिक्षा हलकी आणि पत्रांच्या तोंडाला कुलूप, हीं दोन्ही एके ठिकाणीं भेटल्यावर संशय वाढला तर नवल काय? मात्र १९९६ सालीं माजी न्यायमूर्ति गॅलिगन यांनीं चौकशी करून असें मत दिलें कीं त्या वेळच्या पुराव्यावर सरकारपुढें दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे येथें उणें पडलें तें न्यायाधीशाचें काठिण्य नव्हे, पोलिसांचा पुरावा. हा भेद या लेखनांत सहसा टिकत नाहीं. सर्व दोष अखेर न्यायाधीशाच्या कोमल अंतःकरणावर जाऊन बसतो.

शिवाय वृत्तपत्रें सौम्यता झांकतात या आरोपाची दुसरी बाजू आहे. १९८० च्या दशकांत अँथनी डूब व ज्युलियन रॉबर्ट्स या दोघां संशोधकांनीं कांहीं लोकांस एकाच खटल्याचा वृत्तपत्री वृत्तांत व कांहींस न्यायालयाचे कागद वाचावयास दिले. शिक्षा फार हलकी झाली असें वृत्तपत्र वाचणारांस वाटलें. कागद वाचणारांपैकीं तसें म्हणणारे पुष्कळच कमी निघाले. म्हणजे सौम्यतेचा ग्रह पुष्कळसा वृत्तपत्रांनींच निर्माण केलेला! तरीपण भय केवळ काल्पनिक आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. खुनांचें प्रमाण १९७५ सालीं लाखामागें तीनावर होतें, तें २०१३ पर्यंत दीडाच्याहि खालीं आलें, आणि २०२२ मध्यें पुन्हां सव्वादोनांच्या घरांत गेलें. पहिली उतरण हे लेखक विसरतात; दुसरी चढण त्यांचे प्रतिपक्षी.

वर्षांच्या हिशोबाची गोष्ट २०२२ सालीं फार गाजली. २९ जानेवारी २०१७ रोजीं क्युबेक शहरांतील मशिदींत एका तरुणानें सहा माणसें ठार केलीं. हुजूरपक्षाच्या राजवटींत २०११ सालीं झालेल्या कायद्यानें अनेक खुनांबद्दल पॅरोलची मुदत एकापुढें एक जोडतां येत असे; त्या आधारें खालच्या न्यायालयानें ती चाळीस वर्षें ठरविली. सर्वोच्च न्यायालयानें तो कायदाच हक्कांच्या सनदेविरुद्ध ठरवून मुदत पंचवीस वर्षेंच धरली. सहा खून एका खुनाच्या मोलाचे झाले, ही टीकाकारांची तक्रार आमच्या मनाला लागते. परंतु पंचवीस वर्षांनीं अर्ज करण्याचा हक्क मिळतो, सुटका नव्हे, हें वाक्य त्यांच्या लेखांत शोधावें लागतें.

या तराजूची खरी कसोटी मात्र अन्यत्र आहे, आणि तेथें आम्हांस तटस्थ राहतां येत नाहीं. २३ जून १९८५ रोजीं कॅनडाहून हिंदुस्थानाकडे येणारें एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान बाँबस्फोटानें आयर्लंडजवळ समुद्रांत कोसळलें. ३२९ माणसें मेलीं. त्यांपैकीं २६८ कॅनडाचीं नागरिक होतीं, बहुतेक भारतीय वंशाचीं. कॅनडाच्या इतिहासांत याहून मोठें सामुदायिक हत्याकांड झालेलें नाहीं. आणि शिक्षा? इंदरजितसिंग रेयात यास, त्याच दिवशीं जपानांत नारिता विमानतळावर दोन हमालांचा बळी घेणाऱ्या स्फोटाबद्दल १९९१ सालीं दहा वर्षें, ‘कनिष्क’बद्दल २००३ सालीं सदोष मनुष्यवधाच्या कबुलीवर आणखी पांच वर्षें, आणि त्या प्रकरणाच्या खटल्यांत खोटी साक्ष दिल्याबद्दल २०११ सालीं नऊ वर्षें. तीनशेंहून अधिक प्रेतांस पांच, असत्यास नऊ! ज्या दोघां इसमांवर खटला चालला ते मार्च २००५ मध्यें निर्दोष सुटले.

सौम्य शिक्षेचें याहून जळजळीत उदाहरण कोणास हवें? तरी आमच्या वाचनांत आलेल्या या पक्षाच्या लेखनांत होमोल्काचें नांव दहादां भेटतें तेथें ‘कनिष्क’चें एकदां. त्याचें एक कारण असें कीं ही कथा त्यांच्या सूत्रांत बसत नाहीं. येथें कोणी न्यायाधीश द्रवला नव्हता. गुप्तहेर खात्यानें संशयितांच्या संभाषणांच्या शेंकडों फिती पुसून टाकल्या होत्या. तें खातें व पोलीस यांचें आपसांत पटत नव्हतें. पोलिसांस जबानी देणारे पत्रकार तारासिंग हेयर यांचा १९९८ सालीं खून झाला, आणि त्यांची साक्ष त्यांच्याबरोबर गेली. पुरावा अपुरा म्हणून न्यायमूर्ति जोसेफसन यांनीं आरोपींस सोडलें, तो न्यायच होता.

वृत्तपत्रांचा पक्षपात म्हणाल तर तोहि येथें होता. पण अपराध्याकडे झुकणारा नव्हे. मेलेले आपले नव्हेतच, असा होता. खुद्द पंतप्रधान मल्रोनी यांनीं सांत्वनासाठीं दूरध्वनि केला तो राजीव गांधींस! व्हँकूव्हरच्या किम बोलन यांच्यासारखी एखादी बातमीदार जिवाच्या धमक्या सोसून वीस वर्षें या प्रकरणामागें राहिली. इतरांस तें परदेशाचें भांडण वाटलें. येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. २००६ सालीं चौकशी नेमली ती हुजूरपक्षाच्याच हार्पर सरकारनें, आणि २०१० सालीं मृतांच्या कुटुंबांची क्षमा मागितली तीहि त्यांनींच. न्यायमूर्ति मेजर यांच्या त्या अहवालाच्या मुखपृष्ठावर ही ‘कॅनडाची शोकांतिका’ आहे असें छापावें लागलें, पंचवीस वर्षांनंतर.

आयर्लंडांतील अहाकिस्टा या खेड्यानें समुद्रकांठीं मृतांचें स्मारक पहिल्याच स्मृतिदिनीं, १९८६ सालीं, उभें केलें. टोरोंटोचें स्मारक २००७ सालीं झालें.