दोन हजार आले, पण ती मदत होती का?

कोरोनाकाळातल्या शेतकरी मदतीवर प्रबंध लिहायचा विचार करताय? मग आधी एक साधा गुणाकार करा.

26 मार्च 2020 ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 1.70 लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात 8.7 कोटी शेतकऱ्यांना एप्रिलमध्ये प्रत्येकी 2,000 रुपये मिळणार होते. म्हणजे 17,400 कोटी, पॅकेजचा जवळपास दहावा हिस्सा. पण हे पैसे पीएम-किसानचे. ही योजना फेब्रुवारी 2019 पासूनच सुरू आहे: वर्षाला 6,000, तीन हप्त्यांत. एप्रिल ते जुलैचा हप्ता तसाही येणारच होता. सरकारने तो एप्रिलमध्येच दिला, इतकंच.

मग उपयोग झालाच नाही का? झाला. यादी तयार होती, बँक खाती जोडलेली होती, पैसे लवकर पोचले. खरीप तोंडावर असताना हातात रोख येणं लहान गोष्ट नाही. पण पैसे लवकर मिळणं वेगळं आणि जास्त मिळणं वेगळं. तुम्ही या 2,000 चा 'मदतीचा परिणाम' मोजला, तर प्रत्यक्षात मोजताय ती फक्त वेळ.

आता चोपड्यात या. इथे कुणाची केळी, कुणाचा कापूस, सातपुड्याच्या पायथ्याला कुणाची ज्वारी. टाळेबंदीत प्रत्येकाचं नुकसान वेगळं. कापूस घरात रचून ठेवता येतो, केळीचा घड थांबत नाही. हप्ता मात्र सगळ्यांना सारखाच. अमेरिकेने त्याच वर्षी शेतकऱ्यांना जी थेट मदत दिली, ती पीक आणि भावातली घट बघून ठरवली होती. ती पद्धत निर्दोष होती असं माझं म्हणणं नाही, पण तिथे निदान नुकसान मोजायचा प्रयत्न तरी होता.

खरी अडचण पुढे आहे. पीएम-किसान सातबारा बघते, आणि तोही 1 फेब्रुवारी 2019 चा. स्वतःची जमीन नसलेला, दुसऱ्याचं शेत बटाईने किंवा ठोक्याने कसणारा माणूस यात बसत नाही. बियाणं त्याचं, उधारी त्याची, तोटाही त्याचा. हप्ता मालकाच्या खात्यात. सालदाराचा तर प्रश्नच नाही.

इथेच नवा संशोधक फसतो. तो लाभार्थ्यांची यादी घेतो, 'पैसे मिळाले का?' विचारतो, बहुतेक 'हो' म्हणतात आणि निष्कर्ष तयार: मदत पोचली. अहो, यादीतल्यांनाच विचारलंत तर दुसरं काय येणार? लाभार्थी आणि बिगरलाभार्थी अशी तुलना केलीत, तरी ती बऱ्याच अंशी जमीनवाले आणि बिनजमीनवाले अशीच होते. फरक 2,000 रुपयांमुळे पडला की सातबाऱ्यामुळे, हे कसं सांगणार?

म्हणून नमुना यादीतून नको, शेतातून निवडा. गट नंबर घ्या आणि विचारा: 2020 मध्ये हे शेत कसत कोण होतं? खर्च कुणी केला? हप्ता कुणाला आला? तीन उत्तरांत तीन वेगळी नावं आली, तर तुमचा खरा विषय तिथून सुरू होतो.

आणि हा विषय जुना झालेला नाही. 2023 मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधी आणला, तोही याच पीएम-किसानच्या लाभार्थ्यांसाठी. तेव्हा जो यादीबाहेर होता, तो आता दोनदा बाहेर आहे.